डोहाळजेवणाआधी कोर्टात अर्ज: गरोदर आणि बाळंतीण पक्षकारांसाठी गोव्यातील न्यायालयीन सेवा कशा आहेत?

आठव्या-नवव्या महिन्यात किंवा ओल्या बाळंतपणात कोर्टाची तारीख आली तर गोव्यात बाईला काय सोयी मिळतात आणि त्या प्रत्यक्षात कितपत कामाला येतात, याचा हा आढावा. आमचे मत आधीच सांगून टाकतो. कायद्यात सोय भरपूर आहे. ई-कोर्ट्सचे ॲप चांगले आहे. मोफत वकिलाची सेवा लोक समजतात त्यापेक्षा बरीच बरी आहे. व्हिडिओ सुनावणीचा अनुभव मात्र कोर्टागणिक बदलतो, आणि बाळाला घेऊन बसण्याची व्यवस्था अजून फार कमी पडते. यातले काहीही आपोआप मिळत नाही. लेखी मागावे लागते, आणि मागायची वेळ म्हणजे सातवा महिना. घरात डोहाळजेवणाचा दिवस ठरतो त्याच आठवड्यात कोर्टातला अर्जही तयार व्हायला हवा.

सातवा महिना का, ते नीट समजून घ्या. डॉक्टर देतात ती प्रसूतीची तारीख अंदाजाची असते. सदतिसाव्या आठवड्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत बाळ केव्हाही येऊ शकते. म्हणजे ३६ आठवडे पूर्ण झाल्यापासून बाळंतपणानंतरचे किमान सहा आठवडे धरले तर दहा-बारा आठवडे तुमची हजेरी गृहीत धरता येत नाही. साधारण महिन्या-दीड महिन्याने तारीख पडणाऱ्या खटल्यात तेवढ्यात दोन किंवा तीन तारखा येतात. त्या तिन्ही तारखांसाठी वेगवेगळे अर्ज आयत्या वेळी देत बसण्यापेक्षा आधीच्याच तारखेला एकच अर्ज देऊन सगळा काळ मागून घेतलेला बरा. न्यायाधीशांनाही ते सोयीचे पडते, कारण बोर्ड (त्या दिवसाच्या कामांची यादी) लावताना त्यांना कळते की या काळात साक्ष ठेवून उपयोग नाही.

आयत्या वेळच्या अर्जाचे काय होते ते सगळ्या वकिलांना माहीत आहे. पुकारा होतो, वकील उभे राहून सांगतात की पक्षकार बाळंत झाली आहे, समोरचे वकील म्हणतात की साक्षीदार काणकोणहून आला आहे, आणि कोर्ट खर्च बसवून पुढची तारीख देते. दिवाणी कामात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ चा नियम आहे. बाळंतपणासाठी घेतलेली तहकुबी त्या तिनांत मोजली जाऊ नये असे वाटत असेल, तर कारण आणि कालावधी अर्जात लिहिलेला हवा. तोंडी सांगितलेले रोजनाम्यात (खटल्याच्या तारीखवार नोंदीत) फक्त ‘पक्षकार गैरहजर’ एवढेच उरते.

हजेरी माफी: सगळ्यात भरवशाची सेवा

तुम्ही आरोपी असाल तर हाच पहिला अर्ज. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३५५ खाली चालू खटल्यात, आणि कलम २२८ खाली समन्स निघतानाच, वकिलामार्फत हजर राहण्याची परवानगी मिळू शकते. १ जुलै २०२४ च्या आधीपासून चालू असलेल्या खटल्याला जुनी फौजदारी प्रक्रिया संहिताच लागते. तिथे कलमे ३१७ आणि २०५. चुकीचे कलम लिहिले म्हणून अर्ज फेटाळला जात नाही, पण समोरच्याला बोलायला मुद्दा मिळतो.

या अर्जात चार गोष्टी नसल्या तर तो अडकतो. वकील हजर राहणार आहे हे वाक्य. माझ्या गैरहजेरीत, माझ्या वकिलासमोर पुरावा नोंदवायला हरकत नाही, हे वाक्य. माझ्या ओळखीबद्दल वाद घेणार नाही, हे वाक्य. आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत माफी हवी, तो काळ. दुसरे आणि तिसरे वाक्य लोक हमखास विसरतात. ती नसली की सरकारी वकील म्हणतात, साक्षीदाराने आरोपीला कोर्टात ओळखायचे आहे, तिला बोलवा. ओळखपरेड हाच खटल्याचा गाभा असेल तर ही हमी देण्यापूर्वी वकिलाशी नीट बोला. बाकी बहुतेक खटल्यांत ती द्यायला काही जात नाही.

दोषारोप ठेवणे, आरोपीचा जबाब आणि निकाल या तीन टप्प्यांवर कोर्ट सहसा माफी देत नाही. म्हणून सातव्या महिन्यात वकिलाला नेमका हाच प्रश्न विचारा: पुढच्या तीन तारखांत यातला कोणता टप्पा येतो आहे? येत असेल तर तो आधी उरकून घ्या किंवा पुढे ढकलून घ्या. नव्या संहितेच्या कलम ३५५ च्या स्पष्टीकरणात ध्वनिचित्र माध्यमातून हजर राहणे हीसुद्धा वैयक्तिक हजेरी धरली आहे. जबाबाच्या टप्प्याला हा धागा पकडून व्हिडिओची मागणी करता येते.

डॉक्टरांचा दाखला ही या अर्जातली सगळ्यात कच्ची बाजू. ‘विश्रांतीचा सल्ला दिला आहे’ एवढ्या एका ओळीचा कागद कोर्टात टिकत नाही. दाखल्यावर तपासणीची तारीख, किती आठवडे झाले, प्रसूतीची अपेक्षित तारीख, कशामुळे प्रवास किंवा फार वेळ बसणे टाळायचे (रक्तदाब, वार खाली असणे, आधीचे सिझेरियन, जुळे) आणि विश्रांती कधीपासून कधीपर्यंत, हे सगळे हवे. सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवाच. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात किंवा जिल्हा इस्पितळात नाव घातले असेल तर ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर एवढे लिहीत बसत नाहीत. म्हणून मजकूर आधीच एका कागदावर लिहून न्या आणि माता-बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स सोबत ठेवा. कार्डावरच्या नोंदी आणि दाखला एकमेकांना धरून असले की शंका घ्यायला जागा राहत नाही.

साक्षीदार आणि फिर्यादी

साक्षीदार म्हणून समन्स आले तर अनेक घरांत ते सासऱ्यांच्या हातात पडते आणि देवघराच्या फळीवर राहते, कारण सून माहेरी गेलेली असते. यात खरा धोका आहे. समन्स बजावल्याची नोंद कोर्टात गेली आणि तुम्ही आला नाहीत, तर पुढचा कागद जामीनपात्र वॉरंटचा असतो. फौजदारी कामात तुमचा वकील नसतो, म्हणून सरकारी वकिलाच्या कार्यालयात दाखल्यासह पत्र द्या. एक प्रत कोर्टाच्या कारकुनाकडे देऊन पोच घ्या. पत्रावर खटल्याचा क्रमांक, समन्समधली तारीख आणि सध्या राहत असलेला पत्ता लिहा. पोलीस तपासाच्या पातळीवरच असाल तर आणखी सोपे: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे जबाबासाठी बाईला पोलीस स्टेशनात बोलावता येत नाही, ती राहते तिथे पोलिसांनी यायचे असते. ‘फक्त पाच मिनिटांचे काम आहे, या’ असा फोन आला तर हे कलम शांतपणे सांगावे.

चेक न वटल्याची फिर्याद तुम्ही केली असेल तर धोका उलट बाजूने येतो. अशा (समन्स प्रकारच्या) खटल्यात फिर्यादी गैरहजर राहिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७९ खाली त्याला हजर राहायला ३० दिवस देऊन, आणि जुन्या कलम २५६ खाली तेवढेही न देता, आरोपीला निर्दोष सोडता येते. त्याच कलमात वकील हजर असेल तर फिर्यादीची हजेरी माफ करता येते, पण ती मागून घेतलेली हवी. जुन्या कलमाखाली तर एका चुकलेल्या तारखेने चेकची पूर्ण रक्कम हातची जाऊ शकते. फिर्याद अजून करायचीच असेल तर मुदती तोंडपाठ ठेवा. चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात फिर्याद. बाळंतपणाने या मुदती थांबत नाहीत. फिर्यादीला झालेला उशीर पुरेशा कारणाने माफ होऊ शकतो, पण नोटिशीचे ३० दिवस चुकवू नका.

दिवाणी कामे आणि इन्व्हेंटरी

दिवाणी दाव्यात दर तारखेला पक्षकाराने जायची गरजच नसते, वकील पुरतो. जावे लागते ते स्वतःच्या उलटतपासणीला. सरतपासणी (स्वतःच्या बाजूने दिलेली साक्ष) शपथपत्रावर होते. उलटतपासणी कमिशनरपुढे घेण्याची तरतूद आदेश १८ नियम ४ मध्ये आहे, आणि आदेश २६ खाली आजारपण किंवा अशक्तपणामुळे येऊ न शकणाऱ्या साक्षीदारासाठी कमिशन काढता येते. कमिशनर म्हणून सहसा एखाद्या वकिलाची नेमणूक होते. तो घरी येतो, दोन्ही वकील येतात, आणि साक्ष तिथेच लिहिली जाते. कमिशनरची फी कोर्ट ठरवते आणि बहुधा मागणाऱ्यालाच भरावी लागते. आमच्या मते ही सेवा बाळंतिणीसाठी व्हिडिओपेक्षाही चांगली आहे. मध्येच थांबून बाळाला पाजता येते, कागद हातात धरून दाखवता येतात, आणि आवाज तुटत नाही. तरीही हिचा वापर फारच कमी होतो, कारण ती मागायची असते हेच पक्षकाराला कुणी सांगत नाही.

गोव्याची खास गोष्ट म्हणजे इन्व्हेंटरी, म्हणजे मृताच्या इस्टेटीची वारसांत वाटणी करण्याचे कोर्टातले काम. इथे विवाहित जोडप्याची मालमत्ता सहसा सामाईक असल्याने वारसाची बायको किंवा नवराही कामात पक्षकार असतो. म्हणजे माहेरच्या इस्टेटीत मुलगी म्हणून आणि सासरच्या इस्टेटीत सून म्हणून, एकाच बाईला दोन नोटिसा येऊ शकतात. या कामात वारसांमधला लिलाव हा टप्पा चुकवून चालत नाही. त्या दिवशी बोली लावली नाही तर घराखालची जागा भावकीतल्या दुसऱ्या कुणाच्या नावे जाते. बाळंतपण त्या सुमाराला येणार असेल तर विश्वासाच्या माणसाला कुळमुखत्यारपत्र द्या आणि त्यात ‘लिलावात बोली लावणे’, ‘रक्कम भरणे व घेणे’, ‘तडजोड करणे’ हे अधिकार शब्दांत लिहा. ‘माझ्या वतीने सर्व कामे करणे’ या मोघम वाक्यावर वाद होतो. नोटरीसमोर जायचे असते, म्हणून हे काम नववा लागायच्या आत करा. नवऱ्यालाच मुखत्यार नेमणार असाल आणि त्याचे-तुमचे हित त्या इस्टेटीत वेगळे असेल, तर थांबून पुन्हा विचार करा.

माहेरी गेल्यावर

पेडण्याची सून सावंतवाडीला जाते, काणकोणची कारवारला. पोटगीचा किंवा घरगुती हिंसाचाराचा अर्ज करायचा असेल तर त्यासाठी सासरच्या गावच्या कोर्टात जायची सक्ती नाही. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बाई तात्पुरती जिथे राहते तिथेही अर्ज चालतो. पोटगीचा अर्जही पत्नी राहते त्या जिल्ह्यात करता येतो. म्हणून कुठे बाळंत होणार ते ठरल्यावर मगच अर्ज कुठे दाखल करायचा ते ठरवा. सातव्या महिन्यात म्हापशाला अर्ज करून आठव्यात कुडाळला राहायला गेलात, तर प्रत्येक तारखेला दोडामार्ग किंवा पत्रादेवीचा रस्ता तुमच्याच पाठीशी लागतो.

अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येच म्हटले आहे. त्यासाठी दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र द्यायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात त्याचा नमुना घालून दिला. तो नमुना लांबलचक आहे: पगार, खाती, कर्जे, विमा, दरमहाचा खर्च. बाळंतपणानंतर रात्रीची झोप मोडलेली असताना तो भरणे फार कठीण जाते. आधीच भरा. इस्पितळाचे बिल, सोनोग्राफीच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या एका पाकिटात जमवत राहा. बाळाचा जन्म २१ दिवसांत नोंदवून दाखला हाती येताच बाळासाठीची पोटगी अर्जात घालायला सांगा. पोटात असतानाच अर्ज केला असेल तर ही दुरुस्ती राहून जाते, आणि मग आदेश एकट्या आईपुरता निघतो.

व्हिडिओ सुनावणी: जमली तर उत्तम

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० प्रमाणे खटल्याची सगळी कामे इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालवता येतात. उच्च न्यायालयांनी व्हिडिओसाठी जे नियम स्वीकारले, त्यांत सरकारी इस्पितळ किंवा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय हे साक्ष देण्याचे दूरस्थ ठिकाण म्हणून चालते. इस्पितळात भरती असताना साक्ष खरोखरच टाळता येत नसेल, तर वैद्यकीय अधीक्षक किंवा त्यांनी नेमलेला माणूस समन्वयक म्हणून बसतो. घरून नुसती हजेरी लावायची असेल तर साध्या लिंकवर काम भागते. साक्ष घरून द्यायची असेल तर कोर्ट जास्त काटेकोर होते, आणि ते बरोबरच आहे. खोलीत दुसरे कोणी आहे का, कुणी कागदावरून वाचून दाखवते आहे का, हे न्यायाधीशांना पडद्यावर कळत नाही.

बिघडते ते असे. लिंक आदल्या संध्याकाळी वकिलाच्या मोबाइलवर येते आणि पुढे पाठवायची राहून जाते. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर जूनमध्ये वीज जाते, तिच्यासोबत वायफाय जाते. मोबाइलची बॅटरी संपते, कारण सकाळी दहाला जोडलेली लिंक दुपारपर्यंत ‘थांबा’ म्हणत राहते. बाळ रडते आणि माइक चालू असतो. उपायही तेवढेच साधे आहेत. लिंकसाठी स्वतःचा नंबर अर्जातच लिहा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. अर्धा तास आधी जोडून आवाज तपासा. ओळखपत्र हाताशी ठेवा. साक्ष असेल तर ज्या कागदांवर प्रश्न येणार त्यांच्या प्रती क्रमांक घालून समोर ठेवा. बाळ खोलीत असेल हे अर्जात लिहून परवानगी घ्या, आणि पाजायची वेळ झाली की ‘दहा मिनिटे हवीत’ असे स्पष्ट सांगा. नुसता कॅमेरा बंद केला तर लिंक सोडून गेलात असे नोंदले जाऊ शकते. सुनावणी रेकॉर्ड करू नका, घरातल्या कुणालाही करू देऊ नका. त्याला नियमानेच मनाई आहे.

ई-कोर्ट्स ॲप

बाळंतिणीच्या उशाशी ठेवण्यासारखे हे एकच सरकारी ॲप. खटल्याचा १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक घातला की पुढची तारीख, टप्पा आणि आदेश दिसतात. ‘माय केसेस’मध्ये खटला जतन करून ठेवा. ही यादी फोनमध्येच राहते, त्यामुळे फोन बदलला किंवा ॲप काढले तर जाते. सीएनआर कागदावरही लिहून ठेवा. ॲप उघडल्यावर यादी ताजी करायला विसरू नका, नाहीतर गेल्या महिन्याचीच तारीख दिसत राहते. नवी तारीख कर्मचाऱ्याने नोंदवल्यावरच चढते. कधी त्याच संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी. नेट नसेल तर ९७६६८९९८९९ या क्रमांकावर रोमन लिपीत ‘ईकोर्ट्स’, एक जागा सोडून सीएनआर, असा एसएमएस पाठवला की माहिती येते. कोर्टाच्या आवारात ई-सेवा केंद्र असेल तर ई-फायलिंग, प्रमाणित प्रतीचा अर्ज आणि व्हिडिओ सुनावणी कशी मागायची याची मदत तिथे मिळते. घरातल्या दुसऱ्या माणसाला तुमच्या वतीने तिथे पाठवता येते, आणि आमच्या मते या सेवेचा खरा उपयोग तोच आहे.

मोफत वकील

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. तिला उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणारी, नवऱ्याच्या नावावर गाडी असणारी, घर असणारी, कोणतीही बाई. हे वाक्य आम्ही मुद्दाम दोनदा लिहिले असते, इतक्या जणी ‘आम्ही गरिबांत बसत नाही’ म्हणून परत फिरतात. फोन १५१००. जिल्हा प्राधिकरणाची कार्यालये उत्तरेसाठी मेरशीला आणि दक्षिणेसाठी मडगावला, जिल्हा न्यायालयांच्या ठिकाणी. तालुका कोर्टांत तालुका समिती असते. अर्ज, ओळखपत्र आणि कोर्टाचे आलेले कागद एवढे पुरते. कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही या मदतीत येतो. विधी स्वयंसेवक घरी येऊन अर्ज भरून घेऊ शकतात, आणि आठव्या महिन्यात जिने चढण्यापेक्षा तेच मागा.

कमतरता सांगायलाच हवी. नेमलेला वकील एकाच दिवशी चार कोर्टांत अडकलेला असतो आणि तुमच्या वेळेला दुसऱ्यालाच उभे करतो. त्या दुसऱ्याला हजेरी माफीचा अर्ज आधीच दिला आहे हे ठाऊक नसते. म्हणून अर्जाची पोच असलेली प्रत स्वतःकडे ठेवा आणि वकिलाला फोटो काढून पाठवा. वकील फोन उचलत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज करून तो बदलून मिळतो.

इमारत आणि बाळ

इथे आमचा सूर कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२५ च्या निकालात सर्व न्यायालयांत स्त्रियांसाठी वेगळी, वापरण्याजोगी स्वच्छतागृहे असावीत असा आदेश दिला. त्यानंतर पुढच्याच महिन्यात सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी खोल्या असाव्यात याबद्दलही स्पष्ट म्हटले. तरीही कोर्टात जाण्यापूर्वी एवढे फोनवर विचारून घ्या: बाळाला पाजायला बंद खोली आहे का, असेल तर चावी कुणाकडे? ‘महिला वकिलांच्या खोलीत बसा’ असे उत्तर मिळाले तर त्या खोलीत पक्षकाराला प्रवेश आहे का, तेही विचारा. खोली आहे पण कुलूपबंद आहे, हा प्रकार खोली नसण्याइतकाच वाईट. उत्तर मिळाले नाही तर कोर्टाच्या अधीक्षकांना दोन ओळींचे पत्र द्या. लेखी मागणी साचत गेली तरच पुढच्या दुरुस्तीच्या यादीत ही खोली येते.

जावेच लागले तर वेळेची व्यवस्था ही खरी सोय. कोर्ट सुरू होताच वकिलाने उभे राहून ‘पक्षकार गरोदर आहे, तिचे काम आधी घ्यावे’ अशी विनंती केली तर ती मान्य व्हायला अडचण नसते. बोर्डावर क्रमांक ४७ असला आणि ही विनंती झाली नाही, तर त्या लाकडी बाकावर तीन-चार तास जातात. शेवटच्या महिन्यांत एकाच जागी तास-दीड तासापेक्षा जास्त बसू नका. पाय सुजतात, रक्त साकळण्याचा धोका वाढतो. दर तासाला उठून चाला आणि पाणी पीत राहा. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी तोडू नका. जाताना पट्टेवाल्याला किंवा वकिलाच्या कारकुनाला सांगून जा, कारण पुकारा नेमका त्याच वेळी होतो. पोळी-भाजीचा डबा, दोन केळी आणि प्रसूतीचे कागद पिशवीत हवेतच. कागद गाडीत ठेवून वर जाऊ नका.

बाळंतपणानंतर बाळाला घरी ठेवून जाणार असाल तर हिशेब असा करा. पहिल्या महिन्यांत बाळ दोन-तीन तासांनी पिते. कोर्ट आणि प्रवास मिळून पाच तास धरले तर दोन वेळचे दूध काढून ठेवावे लागेल. साधारण २५ अंशांच्या खोलीत ते चार तास टिकते, फ्रिजमध्ये चार दिवस. एप्रिल-मे मध्ये पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठलीच खोली २५ अंशांची नसते, तेव्हा फ्रिजवरच भरवसा ठेवा. कोर्टात असताना तुम्हालाही मध्ये एकदा दूध काढावे लागेल. नाही काढले तर गाठी होतात, ताप येतो, आणि पुढचे चार दिवस पाजणे अवघड होते. बर्फाच्या पाकिटांसह बंद थर्मास पिशवीत ते दूध घरी आणता येते.

रक्तस्राव, पाणी जाणे, डोके फुटेल असे दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, यातले काहीही झाले तर पुकाऱ्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि निघा. मेरशीहून बांबोळी काही किलोमीटरवर आहे. वकिलाला फक्त एवढेच कळवा की इस्पितळात जाते आहे. भरतीच्या कागदाचा फोटो त्याच दिवशी पाठवला तर गैरहजेरीची नोंद दुरुस्त करून घेणे सोपे जाते.

त्या दिवशी जे काही झाले, ते संध्याकाळी ॲपवर बघा. माफी मान्य झाली का, कुठल्या तारखेपर्यंत, वॉरंट तर निघाले नाही ना? आदेशाची ओळ आणि वकिलाने फोनवर सांगितलेले जुळत नसेल तर दुसऱ्याच दिवशी रोजनाम्याची प्रत मागवा. वॉरंट निघाले असेल तर ते रद्द करण्याचा अर्ज दाखल्यासह लगेच द्या. पोलिसांच्या हाती पडण्यापूर्वी तो बहुधा एका फेरीत निकाली निघतो. नंतर मात्र बाळाला कडेवर घेऊन जामीनदार शोधावा लागतो.